मागच्या सीटवरून पाहिलेल्या सॅडलबॅगा

बारा दिवस दोघांनी मोटारसायकलवर काढायचे ठरल्यावर हेल्मेट, जॅकेट आणि बूट यांच्या खरेदीत आम्ही जेवढा वेळ घालवला, त्याच्या पावपटही सॅडलबॅगांवर घालवला नाही. सामानाच्या पिशव्याच त्या, त्यांत पाहायचे ते काय, अशी आमची समजूत होती. दोन महिन्यांच्या तयारीत आणि मिळून ९०० किलोमीटरच्या दोन सराव फेऱ्यांत ती समजूत पार उतरली, म्हणून हे परीक्षण. गाडी नवरा चालवतो आणि मी मागे बसते. या बॅगांबद्दल त्याचे मत माझ्यापेक्षा बरेच चांगले आहे, आणि त्याचे कारण बसायच्या जागेत आहे.

बॅगा कापडी आहेत, जोडीने मिळतात आणि सीटवरून आडव्या टाकल्या की दोन्ही बाजूंना लोंबतात. दोन रुंद वेल्क्रो पट्टे सीटवरून जातात, आणि चार अरुंद पट्टे बकलांनी गाडीच्या सांगाड्याला बांधायचे असतात. दोन्ही मिळून ४० लिटर जागा मिळते आणि भोवतीची झिप उघडून बॅगा फुगवल्या की ५६ लिटर. याच बांधणीच्या बॅगा अनेक कंपन्या बनवतात, त्यामुळे येथे नावापेक्षा बांधणीविषयी लिहिणे जास्त उपयोगाचे वाटते. शिवण भक्कम आहे, झिप अडकत नाही, दिसायलाही बॅगा चांगल्या आहेत.

५६ लिटर हा आकडा वेष्टनावर ठळक छापलेला आहे आणि दोघांच्या प्रवासात तोच सर्वांत फसवा आहे. गाडीच्या पुस्तिकेत कमाल एकूण वजन दिलेले असते. त्यातून इंधन भरलेल्या गाडीचे वजन वजा केले की माणसे आणि सामान मिळून किती भार घालता येतो ते कळते. आमच्या गाडीसाठी तो १८० किलो आहे. आम्ही दोघे हेल्मेट, जॅकेट, बूट घालूनच वजनकाट्यावर उभे राहिलो, तेव्हा १५४ किलो भरले. हत्यारे, पंक्चर काढायचे सामान आणि पाणी यांचे ५ किलो आणि रिकाम्या बॅगांचे ४ किलो धरले की हातात १७ किलो उरतात. त्यातच बॅगेच्या आत शिवलेल्या चिठ्ठीवर प्रत्येक बाजूची मर्यादा ७ किलो लिहिली आहे, आणि ती नेमकी अशा कोपऱ्यात आहे की बॅग भरल्यावर दिसणारच नाही. एवढे वजन ४० लिटरमध्येच सहज बसते, त्यामुळे वाढीव जागेचा आम्हांला काडीचा उपयोग नाही. उलट झिप उघडल्यावर बॅगा हँडलपेक्षा रुंद होतात, आणि पुढचा माणूस अरुंद जागेतून गाडी काढताना अंदाज हँडलावरूनच घेतो. पहिल्या फेरीत एका खांबाला उजवी बॅग घासली ती यामुळेच. परत आल्यावर मी ती झिप सुईदोऱ्याने शिवून टाकली.

आता मुख्य तक्रार. सीटवरून जाणारे दोन पट्टे मागे बसणाऱ्याच्या मांडीखाली येतात. पट्टा सपाट असता तर हरकत नव्हती, पण वेल्क्रोच्या दोन्ही कडांना दुहेरी शिवण आहे आणि ती उंचवट्यासारखी वर आलेली आहे. पहिले ४० किलोमीटर काही जाणवले नाही, ऐंशीच्या सुमारास मी एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर सरकू लागले, आणि पहिल्या मुक्कामी पाहिले तेव्हा दोन्ही मांड्यांवर शिडीच्या पायऱ्यांसारखे लाल वळ होते. मागे बसणारा सारखा सरकू लागला की त्याचा झोल चालवणाऱ्याच्या हातापर्यंत जातो, हे नवऱ्याने मला सांगितले तेव्हा त्याच्या स्वरात किंचित तक्रार होती. माझ्या स्वरात ती किंचित नव्हती. सीट काढून पट्टे तिच्याखालून घेणे हा यावरचा साधा उपाय आहे आणि बॅगांसोबतच्या पत्रकात त्याचे चित्रही आहे. मात्र पट्ट्यांना आतून फोम लावलेला असल्याने सीटचे कुलूप बसेना. शेवटी फोम उसवून काढला, तेव्हा कुठे खटका लागला. नव्या बॅगेला दुसऱ्याच आठवड्यात कात्री लावावी लागणे ही रचनेतली चूक आहे, आणि मागच्या सीटवर कोणालाही न बसवता चाचणी केली की अशी चूक नजरेतून सुटते.

पायांचीही तीच गत आहे. बॅगेचा पुढचा कोपरा मागच्या फूटरेस्टच्या अगदी वर येतो, त्यामुळे टाच टेकत नाही आणि पाय चवड्यांवर तोलावे लागतात. त्यात प्रत्येक ब्रेकला बॅगा थोड्या पुढे सरकतात. दिवसअखेर मोजले तेव्हा त्या चार बोटे पुढे आल्या होत्या. मागचे पट्टे ग्रॅबरेलला, म्हणजे मागे बसणाऱ्याने धरायच्या दांडीला, आणखी एक फेरा देऊन बांधल्यावर हे थांबले. भरलेल्या गाडीवर चढण्याचाही आम्ही वेगळा सराव केला, कारण बॅगांमुळे पाय नेहमीपेक्षा उंचावरून टाकावा लागतो आणि आपला सगळा भार क्षणभर एकाच फूटरेस्टवर येतो. आता मी "चढू का?" विचारते, तो दोन्ही पाय रोवून आणि पुढचा ब्रेक धरून "चढ" म्हणतो, आणि त्याआधी मी पाऊल उचलत नाही.

पावसासाठी सोबत वेगळी आवरणे मिळतात. गाडी अंगणात लावून, बॅगांत वर्तमानपत्राचे कागद भरून, आवरणे चढवून मी वीस मिनिटे नळीने पाणी मारले. वरचे कागद कोरडे निघाले, पण तळाच्या कोपऱ्यातले ओले होते, कारण आवरण खालून उघडे आहे आणि मागचे चाक पाणी उडवते ते नेमके खालूनच. आत तोंड गुंडाळून बंद करायच्या जलरोधक पिशव्या घातल्या आणि तोंडाला तीन घड्या दिल्या, मग दुसऱ्या चाचणीत काहीही भिजले नाही. शिवाय मुक्कामी पोहोचल्यावर गाडीवरची बॅग न सोडता नुसती आतली पिशवी उचलून नेता येते. खरे तर या पिशव्या बॅगांसोबतच द्यायला हव्या होत्या.

उष्णतेच्या बाबतीत पत्रक बरे आहे. सायलेन्सरपासून अंतर ठेवा असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. पॉलिएस्टर साधारण २५० ते २६० अंश सेल्सिअसला वितळते, पण कापडाला आतून दिलेला लेप त्याच्या बराच आधी मऊ पडतो, म्हणून थेट स्पर्श तर नकोच. मात्र पत्रकात चाकाचा उल्लेख नाही. दोघांच्या भाराने मागचा शॉकअप दबला की चाक वर येते, आणि आधाराची जाळी नसेल तर लोंबणारी बॅग हेलकाव्यात आत जाऊन टायरला घासू शकते. आम्ही मेकॅनिककडून शॉकअप दोन खाचा घट्ट करून घेतला, टायर थंड असताना त्यांत दोघांसाठी दिलेल्या आकड्याएवढी हवा भरली आणि दोन्ही बाजूंना लोखंडी आधार बसवले. मागून दबलेल्या गाडीचा दिवा समोरच्यांच्या डोळ्यांवर जातो, म्हणून तोही थोडा खाली केला. बॅगा विकताना या चार कामांची यादी दिली असती तर आमचे दोन रविवार वाचले असते.

एकट्याने फिरणाऱ्याने या बॅगा निःशंक घ्याव्यात. त्याला यांतले निम्मे प्रश्न पडणारच नाहीत. दोघांनी घ्यायच्या असतील तर मागे बसणाऱ्याला सोबत न्यावे, बॅगा गाडीवर टाकून बघाव्यात आणि पट्टे सीटखालून गेल्यावर सीट बंद होते का ते तेथेच पाहावे. आम्ही त्या परत केल्या नाहीत. दुसऱ्या सराव फेरीत तुटलेले डावे बकल विक्रेत्याने विनातक्रार बदलून दिले आणि एक जादा दिले, ते हत्यारांच्या पिशवीत टाकले आहे. आता दोन्ही बॅगा प्रत्येकी साडेसहा किलोवर बांधून तयार आहेत, आणि त्यांत आणखी एक जोड बूट बसतील असे नवऱ्याचे म्हणणे आहे.