दुबई की अबूधाबी? भाड्याआधी शहराचा नकाशा बघा

दोन्हीकडे नोकरीचं जमतंय आणि कुटुंब कुठं न्यायचं ते ठरत नाहीये, असं असेल तर पगार-भाडं बघायच्या आधी ही दोन शहरं वाढली कशी ते बघा. मुलं खाली खेळायला जाणार का, आई-बाबा आले तर एकटे बाहेर पडू शकणार का, हे सगळं त्यावरच ठरतं.

दुबई खाडीच्या काठानं वाढली. जॉन हॅरिस या ब्रिटिश आर्किटेक्टनं पहिला मास्टर प्लॅन केला १९६० मध्ये, तेव्हा तिथं तेलसुद्धा सापडलं नव्हतं, ते १९६६ ला सापडलं. बर दुबई, देरा, करामा हे जुने भाग म्हणून दाट आहेत, खाली दुकान वर घर, भाजी आणायला गाडी लागत नाही. पुढं १९७१ च्या प्लॅनमध्ये खाडीखालचा बोगदा, पोर्ट रशीद आणि जेबेल अलीच्या दिशेनं वाढ असं सगळं आलं, १९७९ ला जेबेल अली बंदर झालं, १९८५ ला फ्री झोन (परदेशी कंपन्यांसाठी सवलतीचा भाग), आणि शहर शेख झायेद रोड धरून लांबच लांब पसरत गेलं. २००२ पासून परदेशी माणसाला ठरावीक भागात फ्रीहोल्ड, म्हणजे पूर्ण मालकीचं, घर घेता यायला लागलं, मग तर डेव्हलपरांनी वाळवंटात एकेक कम्युनिटी उभी केली. आतून त्या सुंदर असतात, बाग, पूल, सगळं, पण समोरच्या कम्युनिटीत जायचं तर मध्ये हायवे, चालत जायचा प्रश्नच नाही.

अबूधाबीचं वेगळं. ते मुळात बेट, आणि शेख झायेद १९६६ ला सत्तेवर आले तेव्हा तेलाचा पैसा यायला सुरुवात झालेली होती, त्यामुळे जवळजवळ कोरं शहर आखायला मिळालं. १९६७ ला जपानचे काट्सुहिको ताकाहाशी आणि १९६८ पासून इजिप्तचे अब्दुलरहमान मखलूफ यांनी ते आखलं. सरळ रुंद रस्ते, मध्ये मोठे चौकोनी ब्लॉक, ब्लॉकच्या कडेला टॉवर आणि आतल्या गल्ल्यांमध्ये कमी उंचीची घरं, मशीद, बकाला म्हणजे छोटं किराणा दुकान, छोटी बाग. मला ही रचना मनापासून आवडते. टॉवरांची सावली पडते, आत गाड्या हळू असतात, थंडीच्या महिन्यांत संध्याकाळी मुलं खरंच खाली खेळतात आणि म्हातारी माणसं कॉर्निशपर्यंत, म्हणजे समुद्राकाठच्या फिरायच्या रस्त्यापर्यंत, फिरून येतात.

पण मेट्रो नाही! २००७ च्या ‘प्लॅन २०३०’ मध्ये ती दाखवली होती, अजून आलेली नाही, म्हणजे बस, टॅक्सी नाहीतर स्वतःची गाडी. दुबईत रेड लाइन २००९ लाच सुरू झाली, ग्रीन २०११ ला, आणि इंटरनॅशनल सिटी, सिलिकॉन ओएसिसकडे जाणाऱ्या ब्लू लाइनचं टार्गेट २०२९ आहे. दोघांपैकी एकाकडेच लायसन्स असेल तर हा फरक फार मोठा आहे, घरात अडकून पडणं काय असतं ते तिकडं गेलेल्या कितीतरी बायकांना विचारा.

आणि अबूधाबी म्हटलं की सगळंच तसं असं समजू नका. मुख्य भूमीवरचे नवे भाग किंवा यास बेट बघितलं तर तिथं दुबईसारखंच, गाडीशिवाय चालत नाही. मसदर सिटीत चालायच्या अरुंद सावलीच्या गल्ल्या छान केल्यात, पण ती विमानतळाजवळ, बेटाच्या बाहेर पडते.

माझं मत विचाराल तर लहान मुलं असतील आणि ऑफिस बेटावर असेल तर अबूधाबीच, तेही मधल्या जुन्या ब्लॉकमध्ये घर बघा, इमारत जुनी असली तरी चालेल. दोघंही नोकरी करणार असाल किंवा पुढं नोकरी बदलायची शक्यता असेल तर दुबई, करामा-बर दुबईकडे मेट्रोच्या चालत अंतरावर. राहायचं एकीकडे आणि रोज दुसरीकडे जायचं हे मात्र करू नका, एका बाजूचं अंतर साधारण १४० किलोमीटर आहे. आणि घर बघायला दुपारी जा, स्टेशन किंवा बकाल्यापर्यंत स्वतः चालून बघा, मगच भाड्याचा चेक द्या.