पाणबुडीतल्या 'सेइरान'चं मॉडेल: बांधून, रंगवून, पावसाळा काढल्यानंतर

किट घेण्याआधी जेवढे रिव्ह्यू सापडले ते सगळे डबा उघडल्याच्या दिवशीचे. बांधलेलं मॉडेल काही महिन्यांनी कसं दिसतं, हे कोणी सांगत नाही. माझं आता अख्खा पावसाळा काढून बसलंय, म्हणून लिहितोय.

सेइरान म्हणजे दुसऱ्या महायुद्धात पाणबुडीतून नेऊन उडवायचं जपानी बॉम्बफेकी विमान, चाकांऐवजी फ्लोटवर, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या पायांवर उतरणारं. किट आयची कंपनीच्या एम६ए१ सेइरानचं, १:७२ प्रमाणातलं, जपानी बनावटीचं. पंखांचा पसारा १७ सेंटीमीटर, म्हणजे शोकेसच्या कुठल्याही खणात मावतं. पाणबुडीही याच मापात हवी असेल तर आधी घरच्यांशी बोलून घ्या. ही विमानं नेणाऱ्या आय-४०० पाणबुडीची लांबी १२२ मीटर होती, मॉडेल पावणेदोन मीटरच्या आसपास जाईल.

सुटे भाग चोख बसतात. पुट्टी फक्त पंखाच्या मुळाशी लागली. वेळ खाल्ला तो फ्लोटच्या खांबांनी. दोन्ही फ्लोट समांतर आले नाहीत तर विमान कायमचं लंगडं दिसतं, तेव्हा डिंक वाळेपर्यंत पुठ्ठ्याच्या साच्यात अडकवून ठेवा. कॅनोपीला, म्हणजे वैमानिकावरच्या पारदर्शक झाकणाला, इन्स्टंट ग्लू अजिबात लावू नका. त्याच्या वाफेने काच आतून पांढरी पडते आणि पुसायला हात पोचत नाही.

खरी तक्रार एकच. या किटमध्ये पंख घडी करायची सोय नाही. अहो, सेइरानची सगळी गंमतच ती! पाणबुडीवरचा हँगर, म्हणजे विमानं ठेवायची जागा, ही साडेतीन मीटर व्यासाची नळी, आणि तीत अशी तीन विमानं. पंख आधी मुळाशी ९० अंशांत वळून उभा व्हायचा, मग मागे जाऊन अंगाला चिकटायचा. शेपटीची टोकंही दुमडायची. घडी घातलेलं विमान समोरून पाहिलं तर नाकावरच्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) व्यासाबाहेर काही येत नसे. फ्लोट सुटे करून वेगळे ठेवत. शिवाय पाणबुडी पाण्याखाली असतानाच इंजिनात गरम तेल आणि गरम कूलंट फिरवत, म्हणजे वर आल्यावर इंजिन तापवण्यात वेळ जायला नको. एवढं करूनही फ्लोट लावून तिन्ही विमानं उडवायला साधारण अर्धा तास लागे. शत्रूच्या समुद्रात पाणबुडीने तेवढा वेळ उघड्यावर थांबायचं! मला हे यंत्र अफाट हुशार वाटतं आणि बेत तितकाच आचरट.

हार्डवेअरवाल्याकडून पाच सेंटीमीटर आतल्या व्यासाचा पीव्हीसी पाइपचा तुकडा आणून शेजारी ठेवलाय. १:७२ मध्ये हँगर जवळपास तेवढाच. पाहुण्यांना विमान या नळीत जायचं म्हटलं की आधी हसतात, मग वाकून आत डोकावतात.

रंग वर गडद हिरवा, खाली करडा दिलाय. चंदेरीही चालला असता. पनामा कालव्याची गातून लॉक्स (जहाजं वरखाली करणारे पाण्याचे कप्पे) उडवायचा मूळ बेत बारगळल्यावर १९४५ मध्ये प्रशांत महासागरातल्या उलिथी या अमेरिकी नौदल तळावर हल्ला ठरला, तेव्हा विमानं चंदेरी रंगवून त्यांवर अमेरिकी खुणा काढल्या होत्या. तो कावा मला रुचत नाही. तिथे पोचण्याआधीच युद्ध संपलं आणि विमानं समुद्रात ढकलून दिली. उरलेलं एकमेव सेइरान अमेरिकेत स्मिथसोनियनच्या संग्रहालयात, व्हर्जिनियाला आहे. रंगवताना त्याचेच फोटो समोर ठेवले होते.

पावसाळ्याचा हिशोब असा: अॅक्रिलिक रंग जसाच्या तसा. पंखावरच्या लाल गोळ्याच्या डिकलची (चिकटवायच्या पातळ चित्राची) एक कड मात्र उचलली गेली, दमट हवेत वार्निशचा हात बारीक दिला तर असं होतं. डिकल मऊ करणारं सॉफ्टनर लावून पुन्हा बसवली. फ्लोटचा एक जोड सुटला, प्लास्टिक सिमेंटने धरला. सिलिका जेलच्या पुड्या शोकेसमध्ये टाकल्यापासून नवं काही उखडलेलं नाही.

पहिलंच मॉडेल करणार असाल तर आधी चाकांवरचं एखादं विमान घ्या, फ्लोट हात बसल्यावर. हात बसलेल्यांनी डोळे मिटून घ्यावं, फक्त घडीचे पंख हवे असतील तर करवत आणि प्लास्टिक शीटची तयारी ठेवावी.