हालांडला कॅप्टन करावे का? आर्सेनल समर्थकाच्या नजरेतून फॅन्टसी प्रीमियर लीग

इंग्लंडमधील फुटबॉलपटूंच्या खरेदी-विक्रीची मुदत 1 सप्टेंबर 2025 रोजी संपली आणि या वेळी लंडनच्या आर्सेनल क्लबच्या आम्हा समर्थकांना कुरकुरीला फारशी जागा उरली नाही. प्रीमियर लीग या इंग्लंडच्या अव्वल साखळी स्पर्धेत सलग तीन हंगाम दुसऱ्या क्रमांकावर थांबलेल्या संघाला व्हिक्टर ग्योकेरेसच्या रूपाने हक्काचा सेंटर फॉरवर्ड मिळाला, मधल्या फळीत मार्टिन झुबिमेंडी आला, आणि प्रतिस्पर्धी क्लब टॉटनहॅमच्या उंबरठ्यापर्यंत गेलेला एबेरेची एझे ऐन वेळी आमच्या दारात वळला. आता जानेवारीपर्यंत क्लबकडून नव्या माणसाची वाट पाहण्यात अर्थ नाही. माझी खेळाडूंची अदलाबदल मात्र थांबलेली नाही, कारण फॅन्टसी प्रीमियर लीग या प्रीमियर लीगच्याच अधिकृत ऑनलाइन खेळात ती दर आठवड्याला करता येते. हा खेळ पूर्णपणे मोफत आहे, जगभरात तो 1 कोटीहून अधिक लोक खेळतात, आणि मी गेले सहा हंगाम त्यात गुंतलेलो आहे. हे लिहितो आहे सप्टेंबर 2025च्या मध्यात: 2025-26 हंगामाच्या चार फेऱ्या झाल्या असून येत्या रविवारी, 21 सप्टेंबरला, एर्लिंग हालांडचा मँचेस्टर सिटी संघ एमिरेट्सवर, म्हणजे आर्सेनलच्या मैदानावर, येत आहे. या सेवेचे गुण-दोष तपासायला याहून बरा मुहूर्त मिळणार नाही.

नवख्यांसाठी नियम थोडक्यात सांगतो. 100 दशलक्ष पौंडांच्या काल्पनिक रकमेत 15 खेळाडू घ्यायचे, एका क्लबचे तिघांपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत, त्यांतले 11 मैदानात उतरवायचे आणि एकाला कॅप्टन करायचे. कॅप्टनचे गुण दुप्पट होतात. खेळाडूने प्रत्यक्ष सामन्यात जे केले त्यावर गुण मिळतात.

या ॲपमध्ये मी सर्वाधिक वेळ घालवतो तो वेळापत्रकाच्या पानावर. प्रत्येक क्लबचे पुढचे सामने तेथे ओळीने मांडलेले असतात आणि प्रत्येक चौकोनाला अवघडपणाचा रंग दिलेला असतो. सोपा सामना हिरवा, अवघड सामना लाल. एका दृष्टिक्षेपात वीस क्लबांचे पुढचे दीड-दोन महिने समजतात आणि मांडणी इतकी स्वच्छ आहे की मी ते पान खेळाची गरज नसतानाही उघडतो. परंतु या रंगांवर डोळे मिटून विश्वास ठेवणे धोक्याचे आहे. आर्सेनलचेच पाहा. सिटीनंतर न्यूकॅसलशी त्यांच्या मैदानावर, मग घरी वेस्ट हॅम, बाहेर फुलहम, घरी क्रिस्टल पॅलेस आणि बाहेर बर्नली, असा क्रम आहे. पहिले दोन सामने कठीण आणि पुढचे चार आटोक्यातले, असे कोणीही म्हणेल. पण आर्सेनलने युरोपातील क्लबांच्या चॅम्पियन्स लीगचा सामना मंगळवारी स्पेनमधील बिल्बाओत 2-0 असा जिंकला असून सिटीला त्याच स्पर्धेत नापोलीशी गुरुवारी खेळायचे आहे. म्हणजे रविवारी आमच्या पायांत दोन दिवसांची जास्तीची विश्रांती असेल. उलट वेस्ट हॅमचा सामना आहे 4 ऑक्टोबरला, शनिवारी. त्याच्या तीनच दिवस आधी आर्सेनलला चॅम्पियन्स लीगमध्ये ऑलिंपियाकोसशी खेळायचे आहे, आणि वेस्ट हॅम युरोपीय स्पर्धांत नसल्याने आठवड्याच्या मध्यावर निवांत असेल. लाल चौकोनात दडलेली ही सोय आणि हिरव्या चौकोनात दडलेली ही दमछाक रंगांत कोठेच दिसत नाही. शिवाय एकाच रंगात आक्रमण आणि बचाव दोन्ही तोलले जातात. एखादा संघ गोल भरपूर करतो आणि भरपूर खातोही. त्याच्याविरुद्ध माझा फॉरवर्ड सुखात असेल, पण बचावपटू नाही.

हा रंगांचा मोह मला तिसऱ्या फेरीत नडला, आणि त्यात चूक सर्वस्वी माझी होती. लिव्हरपूलविरुद्धचा सामना ॲनफिल्डवर, म्हणजे त्यांच्या मैदानावर होता, म्हणून मी आर्सेनलचा बचावपटू गाब्रिएलला विकून टाकले. सामन्यात गोल झाला तो एकच, तोही 83व्या मिनिटाला लिव्हरपूलच्या डोमिनिक सोबोस्लाईच्या लांबवरच्या फ्री किकवर. पुढच्याच आठवड्यात आर्सेनलने नॉटिंगहॅम फॉरेस्टला 3-0 असे हरवले आणि क्लीन शीटचे, म्हणजे एकही गोल न खाल्ल्याचे, चार गुण माझ्या डोळ्यांदेखत इतरांच्या खात्यात गेले. ज्याला सहा आठवडे ठेवायचे ठरवून घेतले, त्याला एका अवघड सामन्यासाठी काढू नये, हे मला ठाऊक होते. ठाऊक असून मी ते केले.

ट्रान्सफरची, म्हणजे खेळाडू बदलण्याची, व्यवस्था हाच या खेळाचा कणा आहे. दर आठवड्याला एक बदल मोफत मिळतो, न वापरल्यास साठतो आणि असे पाचपर्यंत साठवता येतात. त्याहून जास्त प्रत्येक बदलाला चार गुण कापले जातात. मागणीप्रमाणे खेळाडूंच्या किमती रात्रीतून हलतात, त्यामुळे सकाळी चहाआधी भाव पाहणारे लोक मला माहीत आहेत. नफ्याचा हिशेब तर सावकाराला शोभेल असा आहे: 7.0 दशलक्षांना घेतलेला खेळाडू 7.3वर गेला, तरी विकताना हाती 7.1च येतात. मला ही कंजुषी आवडते, कारण तिच्यामुळे संयम अंगी बाणतो. सध्या माझ्याकडे दोन बदल शिल्लक आहेत. गाब्रिएलला परत आणायचे, पण न्यूकॅसलचा सामना उरकल्यावर, असा माझा बेत आहे. ग्योकेरेसला मात्र मी हात लावणार नाही. त्याचे तीनही गोल एमिरेट्सवर, दोन लीड्सविरुद्ध आणि एक फॉरेस्टविरुद्ध झाले. मँचेस्टर युनायटेड आणि लिव्हरपूल यांच्या मैदानांवर तो कोरडाच राहिला. 9.0ची किंमत त्या मानाने जड वाटते, तरी ऑक्टोबरमधले सामने पाहता आत्ता त्याला सोडणे हे गाब्रिएलच्या चुकीचीच पुनरावृत्ती ठरेल.

2025-26च्या या हंगामात बचावाच्या कामाला प्रथमच थेट मोल मिळाले आहे. बचावपटूने एका सामन्यात क्लिअरन्स (चेंडू दूर टोलवणे), ब्लॉक (फटका अडवणे), इंटरसेप्शन (पास मध्येच तोडणे) आणि टॅकल (प्रतिस्पर्ध्याच्या पायांतून चेंडू काढणे) मिळून दहाचा आकडा गाठला की दोन गुण मिळतात. मधल्या व पुढच्या फळीसाठी हा आकडा बाराचा असून त्यात चेंडू परत मिळवणेही मोजले जाते. गुणतक्त्यात खालच्या क्लबांचे राबणारे सेंटर बॅक, म्हणजे मधले बचावपटू, त्यामुळे एकदम महत्त्वाचे झाले, आणि हा बदल मला मनापासून पटला. वाइल्डकार्डसारखी (एका फेरीपुरते हवे तितके मोफत बदल) खास अस्त्रे आता हंगामाच्या दोन्ही अर्धांत एकेकदा वापरता येतात. आफ्रिका चषकासाठी डिसेंबरमध्ये इजिप्तच्या मोहम्मद सालाहसारखे खेळाडू जाणार असल्याने सोळाव्या फेरीपूर्वी सर्वांचे मोफत बदल पाचपर्यंत भरून दिले जातील. ही उदारता मला थोडी जास्तच वाटते. ज्याने आधीच विचार करून बदल साठवले, त्याला त्यातून काहीच मिळत नाही.

भारतात बसून खेळणाऱ्याला मुदतीची वेळ सोयीची पडते. पहिल्या सामन्याच्या 90 मिनिटे आधी संघ गोठतो, म्हणजे येत्या शनिवारी दुपारी साडेतीनला. शुक्रवारी रात्री सामना असला की मुदत रात्री अकराला जाते आणि जेवणानंतरच्या डुलकीत ती हमखास चुकते. सर्व मजकूर इंग्रजीत आहे, पण नियम एकदा कळले की फारसे अडत नाही. मित्रांसोबतची खासगी मिनी लीग मात्र जरूर काढावी. एकट्याने खेळल्यास ऑक्टोबरपर्यंत उत्साह ओसरतो.

आता माझ्या खऱ्या अडचणीकडे येतो. सिटीचा फॉरवर्ड एर्लिंग हालांड याने चार सामन्यांत पाच गोल केले आहेत. 14.0ची किंमत मोजून मी त्याला पहिल्या फेरीपासून ठेवले आहे, आणि रविवारी रात्री नऊ वाजता तो माझ्याच क्लबविरुद्ध उतरणार आहे. आमच्या कोल्हापुरात एका तालमीचा फुटबॉलपटू दुसऱ्या तालमीकडून खेळू लागला तर पेठेत त्याची आठवडाभर चर्चा होते. येथे तर मी स्वतःच प्रतिस्पर्ध्याच्या फॉरवर्डला पदरचे पैसे देऊन पोसतो आहे. मिनी लीगमधील माझे बहुतेक प्रतिस्पर्धी त्याला याही आठवड्यात कॅप्टन करतील. त्याने गोल केला तर गुण मिळतील आणि जीव तुटेल. कॅप्टन न करता त्याने गोल केला, तर जीवही तुटेल आणि गुणही जातील. हिशेब सांगतो की त्यालाच कॅप्टन करावे. मी मात्र आज सकाळी कॅप्टनची पट्टी त्याच्याकडून काढून ग्योकेरेसला दिली आहे, आणि शनिवारी दुपारी साडेतीनपर्यंत ॲप पुन्हा उघडायचे नाही असे ठरवले आहे.