सेकंडहँड गाडी: यार्डातून, सर्टिफाइड शोरूममधून की थेट मालकाकडून?

पाच-सहा वर्षं वापरलेली, चार-पाच लाखांतली हॅचबॅक घ्यायची ठरली की मॉडेलवर महिनाभर चर्चा होते, पण ती कुणाकडून घ्यायची याचा विचार फारसा होत नाही. मला हा क्रम उलटा वाटतो. या वयाच्या वॅगनआर आणि टियागोत जेवढा फरक आहे, त्याहून मोठा फरक नीट माणसाकडच्या आणि लबाड माणसाकडच्या वॅगनआरमध्ये असतो. वाटा तीन आहेत: रस्त्याकडेचं यार्ड, कंपनीचं किंवा ऑनलाइन साखळीचं सर्टिफाइड दुकान आणि थेट मालक. फसवणूक तिन्हीकडे होऊ शकते. प्रकार मात्र वेगळे आहेत, आणि ती पकडायला हातात काय मिळतं तेही वेगळं आहे.

यार्डाची सोय मान्य करायलाच हवी. एका फेरीत दहा गाड्या बघून होतात, लोन आणि एक्स्चेंज तिथेच होतं, घासाघीस करता येते. सचोटीने धंदा करणारे डीलर आहेत आणि त्यांच्याकडे वर्षानुवर्षं तीच कुटुंबं गाड्या बदलतात. तरी यार्डात उभी राहणारी गाडी नटवलेली असते हे धरूनच चालावं. रबिंग-पॉलिश झालेलं असतं, सीटवर नवी कव्हरं आणि स्टीअरिंगवर नवं कव्हर चढलेलं असतं, इंजिन धुऊन चकाचक केलेलं असतं. यातल्या प्रत्येक गोष्टीखाली काहीतरी वाचण्यासारखं असतं. कव्हर काढल्यावर स्टीअरिंग गुळगुळीत निघालं, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बसलेली दिसली, क्लच पेडलच्या रबरावरच्या रेघा पुसल्या गेलेल्या असल्या, तर 35 हजार किलोमीटरचा आकडा संशयास्पद आहे. धुतलेल्या इंजिनवर टॅपेट कव्हरची, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाची, ऑइलगळती दिसत नाही. त्यासाठी अर्धा तास गाडी चालवून आल्यावर पुन्हा खाली वाकून बघावं लागतं.

जाण्याआधी फोन करून गाडी सुरू न करता ठेवायला सांगा आणि गेल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवा. बॉनेट गरम लागलं तर त्या दिवशी सौदा नको. गार इंजिन सुरू करताना पहिल्या दहा-पंधरा सेकंदांत जे कळतं ते गरम इंजिनात लपतं: व्हॉल्व्ह सील गेले असतील तर निळसर धुराचा झोत, टायमिंग चेन सैल असेल तर खडखड, बॅटरी किंवा स्टार्टर थकला असेल तर ओढून ओढून स्टार्ट. ऑइल भरायचं झाकण उघडून त्याच्या आत दुधी मळी दिसली तर कूलंट ऑइलमध्ये जात असल्याची शक्यता धरा. पावसाळ्यात किंवा फक्त जवळच्या फेऱ्या होणाऱ्या गाडीत थोडी मळी नुसत्या बाष्पानेही जमते, म्हणून डिपस्टिक आणि कूलंटची टाकीही बघावी. हजार रुपयांच्या आत मिळणारा, गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी वाचणारा ओबीडी स्कॅनर जवळ असेल तर फॉल्ट कोड आहेत का एवढंच बघून थांबू नका. कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली हाही आकडा बऱ्याच गाड्या देतात. तो आठ-दहा किलोमीटर निघाला आणि रेडिनेस मॉनिटर (गाडीने स्वतःच करायच्या तपासण्या) अपूर्ण दिसले, तर चेक-इंजिनचा दिवा तुमच्यासाठीच विझवलेला असू शकतो. बॅटरी नुकतीच काढून लावली तरी असंच दिसतं, म्हणून आधी बॅटरीबद्दल विचारून घ्या.

हे सगळं कुठल्याही गाडीला लागू आहे आणि चांगला मेकॅनिक बरोबर असेल तर यार्डातही पकडता येतं. माझं मन यार्डावरून उडालं ते वेगळ्या गोष्टीमुळे.

"मालक बाहेरगावी आहेत, सह्या झालेल्या आहेत"

यार्डात फाइल मागितली की बहुतेक वेळा अशी निघते: आरसी, विम्याची प्रत आणि गाडी नावावर करायच्या अर्जांचा 29-30 चा सेट. फॉर्म 29 च्या दोन प्रती, फॉर्म 30 ची एक. विकणाऱ्याच्या रकान्यात मालकाची सही, आणि घेणाऱ्याचं नाव, तारीख, किंमत, सगळं कोरं. मालकाने गाडी एजंटला दिली, सह्या केल्या, पैसे घेतले आणि विषय संपला असं तो समजतो. एजंटने ती दुसऱ्या एजंटला दिली, त्याने चार महिने स्वतः फिरवली, मग ती तुमच्यासमोर आली. आरसीवर मात्र अजून पहिलाच मालक. "फर्स्ट ओनर गाडी आहे" हे वाक्य कागदावर खरं असतं, पण गाडीवर तीन हात फिरलेले असतात.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. कोऱ्या सेटमध्ये तारीखच नसल्यामुळे ही मुदत कागदावर कधी सुरूच होत नाही. मधल्या काळातली चलनं, अपघात सगळं जुन्या मालकाच्या नावावर जातं. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे त्याच्यावरच येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे. हा धोका विकणाऱ्याचा झाला. घेणाऱ्याचा धोका असा की त्या सेटचा उपयोग मालक हाताशी असेपर्यंतच. परिवहन पोर्टलवर अर्ज भरताना ओटीपी मालकाच्या मोबाइलवर जातो. त्याने नंबर बदलला असेल, पैसे बुडाले म्हणून तो एजंटवर चिडलेला असेल किंवा सही जुळत नसेल, तर तुम्ही पूर्ण पैसे देऊन दुसऱ्याच्या नावाची गाडी चालवत बसता. मालक मधल्या काळात वारला असेल तर 29-30 चा मार्गच बंद होतो. मग वारसांकडून फॉर्म 31 ची प्रक्रिया करून घ्यावी लागते, आणि वारसांना तुम्ही कोण हेही माहीत नसतं.

दुसरी गोष्ट मला याहून जास्त खुपते. गाडीबद्दलचा प्रत्येक महत्त्वाचा पुरावा मालकाकडे असतो. मीटर मागे घेतलंय का हे डॅशबोर्डकडे बघून कळत नाही, ते अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या नोंदींत असतं, आणि ती माहिती सहसा नोंदलेल्या मालकालाच सहज मिळते. जूनमध्ये 92 हजारांवर सर्व्हिस झालेली गाडी डिसेंबरमध्ये 54 हजार दाखवत असेल तर पुढे बोलायची गरजच उरत नाही. फास्टॅगचं स्टेटमेंटही मालकाकडेच. त्यात रोज पहाटे पुणे-मुंबई टोल दिसला तर ती "घरगुती वापराची" गाडी भाड्याने फिरत होती हे उघड होतं. मालकाला मधून काढलं की हे सगळे दरवाजे एकदम बंद होतात आणि तुमच्यासमोर उरते पॉलिश केलेली गाडी आणि तिच्याबद्दल स्वतः काहीच माहीत नसलेला माणूस.

यार्डातूनच घ्यायची वेळ आली तर एक कागद जरूर मागा. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नियमांनुसार जुन्या गाड्यांच्या डीलरने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं असतं. ते फॉर्म 29बी, मुदत पाच वर्षं. मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म 29सी मध्ये पोर्टलवर जाते, आणि तिथून पुढे त्या गाडीची व तिच्या कागदांची जबाबदारी डीलरची. हे दोन्ही ज्याच्याकडे आहेत त्याच्याशी बोलायला हरकत नाही. "ते सगळं लागत नाही हो" असं उत्तर आलं, तर मी तरी पुढे जाणार नाही.

सर्टिफाइड दुकान

इथे कागदांचा त्रास बराच कमी असतो, नाव ट्रान्सफर करून देतात, पावती कंपनीच्या नावाची मिळते. काही बिनसलं तर ग्राहक आयोगात दाद मागता येते. खाजगी मालकाने स्वतःची गाडी विकली तर तो व्यापारी नसतो, त्यामुळे तो रस्ता सहसा मिळत नाही. ज्यांना गाडीतलं काही कळत नाही आणि ओळखीचा मेकॅनिकही नाही, त्यांच्यासाठी ही वाट बहुधा सर्वांत बरी.

पण शंभर-दोनशे मुद्द्यांच्या तपासणीचा अहवाल पूर्ण वाचा. वॉरंटी बऱ्याचदा इंजिन आणि गिअरबॉक्सच्या आतल्या भागांपुरती असते. क्लच, सस्पेन्शन, ब्रेक, एसी, वायरिंग, म्हणजे सहा-सात वर्षांच्या गाडीत खरोखर खर्चाला लावणाऱ्या गोष्टी, अनेकदा बाहेर राहतात. क्लचचं मात्र तिथल्या तिथे बघून घ्या: मोकळ्या जागी हँडब्रेक ओढून, तिसरा गिअर टाकून हळूहळू क्लच सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर ठीक, बंद न पडता चालूच राहिलं तर क्लच प्लेट संपत आली आहे. डीलरला त्याच्या नफ्याच्या फरकावर 18 टक्के जीएसटी भरावा लागतो, तोही शेवटी किमतीतच असतो. आणि मालक इथेही भेटत नाहीच.

थेट मालक

मालकही खोटं बोलतो, यात शंका नको. पहिलं खोटं म्हणजे तो मालकच नसतो. एकाच नंबरवरून तीन गाड्यांच्या जाहिराती, "भावाची गाडी आहे", आरसीचा फोटो पाठवायला टाळाटाळ, भेट सोसायटीत न ठरवता हायवेवरच्या हॉटेलपाशी, आणि न बघता टोकन पाठवायची घाई, यांतल्या दोन गोष्टी जुळल्या की समजावं हा एजंटच आहे. गाडी घराच्या पार्किंगमध्येच बघायची, आरसीवरचं नाव आणि आधारवरचं नाव ताडून पाहायचं. एवढ्याने निम्मी गर्दी गळते.

दुसरं खोटं अपघाताचं. यासाठी विम्याची पॉलिसी फार बोलकी असते आणि ती कुणी नीट वाचत नाही. क्लेम न केल्यास एनसीबी, म्हणजे प्रीमियममधली नो क्लेम बोनसची सूट, दरवर्षी 20, 25, 35, 45 करत 50 टक्क्यांपर्यंत चढत जातो. पाच वर्षं एकाच मालकाकडे असलेल्या गाडीच्या पॉलिसीत एनसीबी शून्य दिसला, तर आधीच्या वर्षी क्लेम झाला आहे किंवा पॉलिसीत खंड पडला आहे. कशाचा, किती रुपयांचा, सर्व्हेअरचा रिपोर्ट आहे का, हे विचारायचा हक्क तिथे तयार होतो. काच फुटली असेल तर काहीच बिघडत नाही. पुढचा एप्रन, म्हणजे बॉनेटखालचा सांगाड्याचा पत्रा, बदलला असेल तर बिघडतं. दाराचं रबर बीडिंग बोटाने ओढून खालचे स्पॉट वेल्ड बघा. कंपनीचे वेल्ड सारख्या अंतरावर, गोल आणि किंचित खोलगट असतात. त्यांच्या जागी सपाट पुट्टी किंवा ग्राइंडरच्या रेघा दिसल्या तर पिलरचं काम झालेलं आहे. बॉनेट आणि फेंडरच्या बोल्टच्या डोक्यांवरचा रंग उडालेला असेल तर पाना लागलेला आहे. रंगाची जाडी मोजायचं यंत्र मेकॅनिककडे असेल तर उत्तम: कंपनीचा रंग साधारण 80 ते 150 मायक्रॉन भरतो, पाचशेच्या पुढे आकडा गेला की खाली पुट्टी.

पुरातली गाडी हा महाराष्ट्रात वेगळाच धोका आहे. 2019 चा सांगली-कोल्हापूरचा महापूर, जुलै 2021 चं चिपळूण. अशा प्रत्येक पुरानंतर विमा कंपनीने टोटल लॉस (दुरुस्ती न परवडणारी) ठरवलेल्या गाड्या भंगाराच्या भावाने उचलल्या जातात आणि काही दुरुस्त होऊन दुसऱ्या जिल्ह्यात विकल्या जातात. सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. रोज वापरात येणारा भाग धुतलेला असतो, पण रिळाजवळचे शेवटचे दीड हात कुणी धूत नाही. तिथे मातकट रेघ, कडकपणा किंवा कुबट वास आला तर गाडी सोडून द्या. सीटच्या रेलचे बोल्ट आणि स्टेपनीच्या खड्ड्यातला गंजही त्याच वेळी बघून घ्या.

तिसरं, कर्ज. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवायचा फॉर्म 35 आणि बँकेची एनओसी हातात येईपर्यंत गाडी मोकळी नाही. हप्ते चालू असतील तर बाकी रक्कम मालकाला न देता थेट त्याच्या कर्जखात्यात भरा आणि कर्ज फिटल्याचं फोरक्लोजर लेटर घ्या. चलनं पोर्टलवर गाडी नंबर टाकून पाहा. चार-पाच हजारांची थकबाकी निघते आणि ती किमतीतून वजा होते.

इतकी उस्तवार करावी लागत असूनही माझा कल थेट मालकाकडे आहे, शक्यतो पहिल्या. वॉरंटी नाही, दोन-तीन रविवार जातात आणि हजार-पंधराशे मेकॅनिकला द्यावे लागतात. पण प्रश्न विचारायला समोर तोच माणूस असतो ज्याने गाडी चालवली, आणि ओटीपी ज्याच्या फोनवर येणार तोही तोच. कुणाला वेळच नसेल तर सर्टिफाइड दुकानाला मी नाही म्हणणार नाही. यार्ड मात्र 29बी असेल तरच.

सौदा ठरला की विसार पाच-दहा हजारांपेक्षा जास्त देऊ नका, तोही बँकेतून, "आरसी व बोजा तपासणीअंती परत" असं लिहून घेऊन. पोर्टलवरचा अर्ज दोघांनी एकत्र बसून भरा, फॉर्मवर तारीख आणि किंमत समोरच लिहा. पावती क्रमांक निघाला की मोठी रक्कम द्या, आणि वीस-पंचवीस हजार नवं आरसी येईपर्यंत राखून ठेवता आले तर पाहा. बहुतेक भले मालक याला तयार होतात. डिलिव्हरी नोटवर तारखेबरोबर वेळ आणि मीटरचा आकडा लिहा, म्हणजे त्या दिवशीच्या चलनावरून वाद होणार नाही. विमा 14 दिवसांत आपल्या नावावर करायला टाका. थर्ड पार्टीचं संरक्षण गाडीबरोबर आपोआप येतं, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं येत नाही. एनसीबी जुन्या मालकाचाच राहतो, म्हणून प्रीमियममध्ये तेवढा फरक भरायची तयारी ठेवा. आणि त्याचा फास्टॅग त्याच्यासमोरच काचेवरून काढून टाका.