जुळ्या कोकरांचे इंजेक्शन

जत तालुक्यात माझ्याकडे 22 माडग्याळी मेंढ्या आहेत. या मेंढ्या बहुधा एका वेताला एकच कोकरू देतात आणि नेमक्या याच गोष्टीवर बोट ठेवून गेल्या आषाढात मोटारसायकलवरून आलेल्या एका ‘पशुतज्ज्ञा’ने मला हार्मोनचे इंजेक्शन विकले. मेंढीमागे 350 रुपये, निम्मे आधी आणि निम्मे गुण आल्यावर, असा व्यवहार ठरला; पावती मात्र मिळाली नाही.

माझ्या 11 मेंढ्या पाच आठवड्यांपूर्वी फळल्या होत्या. मेंढीचा माज साधारण 17 दिवसांनी फिरतो. या मेंढ्यांनी दोन्ही वेळा माज दाखवला नव्हता, म्हणजे त्या गाभण होत्या. हे सांगितल्यावर तो म्हणाला, “गाभणीलाही चालते, दुसरा गर्भ धरतो.” यावर मी विश्वास ठेवला, हे लिहितानाही संकोच वाटतो.

तिसऱ्या दिवशी 9 मेंढ्या एकदम माजावर आल्या. गुण आला असे समजून मी उरलेली रक्कम दिली आणि त्यानंतर त्याचा फोन कधीच लागला नाही.

बाटलीवरचे लेबल खरवडलेले असल्याने औषध कोणते होते हे सिद्ध करता आले नाही, परंतु ते प्रोस्टाग्लँडिन असावे असे पशुवैद्यकीय डॉक्टरांचे मत पडले. हे संप्रेरक बीजकोशातील पीतपिंड नष्ट करते. त्यातून येणारे प्रोजेस्टेरॉन थांबले की रिकामी मेंढी दोन-तीन दिवसांत माजावर येते, पण पहिल्या दीडेक महिन्यात गर्भही याच प्रोजेस्टेरॉनवर टिकत असल्यामुळे गाभण मेंढी गाभडते. माजावर आलेल्या 9 मेंढ्यांतील 7 त्या गाभण मेंढ्यांपैकी होत्या.

शिवाय जुळ्यांसाठी एका माजात दोन बीजे सुटावी लागतात आणि प्रोस्टाग्लँडिनने बीजे वाढत नाहीत. त्यासाठी 12 ते 14 दिवस प्रोजेस्टेरॉनचा स्पंज योनीमार्गात ठेवून तो काढताना पीएमएसजी हे बीजे वाढवणारे संप्रेरक देतात. त्याचीही मात्रा चुकली तर तीन-चार अशक्त कोकरे पदरी पडू शकतात. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने दख्खनी मेंढीत जुळी वाढवली, ती बंगालच्या गॅरोल मेंढीतील, एका माजात जास्त बीजे सोडायला लावणारे फेक-बी जनुक पिढ्यान्‌पिढ्या निवडीने आणून; एका सुईने नव्हे.

गाभडलेल्या 7 मेंढ्यांपैकी 5 पुढच्या माजाला फळल्या आणि पौषात व्यायल्या. प्रत्येकीला एकच कोकरू झाले.