बालगृह सुटल्यावरच्या दोन सरकारी सोयी: एक चोख, दुसरी अपुरी (ठाणे जिल्हा)

वयाची 18 वर्षं पूर्ण झाली की बालगृहातला मुक्काम संपतो. पुढच्या आयुष्याची घडी बसवायला अनाथ प्रमाणपत्र आणि अनुरक्षण (गृह सोडल्यावर दर महिन्याला मिळणारी मदत) अशा दोन सोयी आहेत. पहिलीला पाचपैकी चार गुण, दुसरीला जेमतेम अडीच.

प्रमाणपत्राचं मोल मोठं. राज्यात 2018 पासून शिक्षणात आणि सरकारी नोकरीत अनाथांना 1 टक्का समांतर आरक्षण आहे आणि लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला शुल्कही कमी लागतं. मात्र परीक्षेच्या अर्जात 'अनाथ' रकान्यात 'हो' भरायला हवं. लाजेपायी तो कोरा सोडणारी मुलं कमी नाहीत. प्रमाणपत्राचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे द्यायचा, बालकल्याण समितीची (मुलांना गृहात ठेवण्याचे आदेश देणारी समिती) शिफारस घ्यायची, शेवटची सही विभागीय उपायुक्तांची. आपल्याकडे त्यासाठी कोकण भवन, सीबीडी बेलापूर. ठाण्याहून पनवेल लोकल धरा. वाशीची धरलीत तर गाडी बदलावी लागते.

फाइल अडते ती नावावर. शाळेच्या दाखल्यावर 'सुनील', आधारवर 'सुनिल', समितीच्या आदेशात आडनावच नाही. तीन कागद, तीन माणसं! आधी समितीचा आदेश आणि दाखला जुळवा, मग त्यांच्या आधारे आधार दुरुस्त करा. उलट क्रमाने गेलात तर आधार दोनदा बदलावं लागतं आणि नाव किती वेळा बदलता येईल यालाही मर्यादा आहे.

दुसरी गोची मोबाइलची. लहानपणी आधारला जोडलेला नंबर बहुतेक वेळा अधीक्षकांचा किंवा काळजीवाहकांचा असतो. पोरगं बाहेर पडतं आणि ओटीपी मात्र भिवंडीत नाहीतर उल्हासनगरात कुणाच्या तरी खिशात वाजतो. बँक खात्याचंही तेच: सज्ञान झाल्यावर नवी केवायसी आणि स्वतःची सही दिल्याशिवाय व्यवहार सुरळीत होत नाहीत. ही कामं सतराव्या वर्षीच उरका, गृहातली मंडळी सोबत असतात तेव्हा.

आता अनुरक्षण. बाल न्याय अधिनियम, 2015 नुसार ही मदत 21 वर्षांपर्यंत आहे. मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेत त्यासाठी महिना 4,000 रुपये ठरलेले आहेत. दिवा-घणसोलीकडे तिघाचौघांत खोली घेतली तर भाड्याचा वाटा निघेल, पण डबा, रेल्वेचा पास आणि घरमालकाला द्यायची अनामत कशातून भागवायची? शिवाय घरमालक विचारतो, 'गाव कुठलं? घरी कोण असतं?' याचं उत्तर कुठल्याच योजनेत नाही. त्यासाठी ओळखीतला कमावता माणूस जामीन म्हणून लागतो आणि तो गृह सोडायच्या आधीच शोधून ठेवावा लागतो. अडीच गुण यामुळेच.

प्रमाणपत्र हाती आलं की लॅमिनेशन करू नका, पडताळणीत शिक्का नीट तपासता येत नाही. साध्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा. मूळ प्रत कुणाकडेच सोडायची नाही, फक्त दाखवायची. चार झेरॉक्स आणि मोबाइलमध्ये स्कॅन जवळ असू द्या.