डेट्रॉइटच्या करथकित घरांचा नकाशा : लव्हलँडची सेवा

अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या १९९९ च्या कायद्यानुसार मालमत्ता कर तीन वर्षे थकला की घर जप्त होते आणि डेट्रॉइट ज्या जिल्ह्यात येते त्या वेन काउंटीचा कोषाधिकारी ते लिलावात काढतो. लव्हलँड टेक्नॉलॉजीज या स्थानिक कंपनीने लिलावाची ही रुक्ष यादी 'व्हाय डोन्ट वी ओन धिस' या संकेतस्थळावर नकाशाच्या रूपात मांडली. एरवी केवळ पत्ता असलेली जागा त्यात शेजारच्या घरांसह दिसे, त्यामुळे अख्खी गल्ली लिलावात निघत असल्याचे चटकन ध्यानात येई. घरात राहणाऱ्या भाडेकरूलाही (ज्याला बहुधा सर्वांत शेवटी कळते) आपले छप्पर विक्रीस असल्याचे पाहता येई. पुढे २०१३-१४ च्या हिवाळ्यात 'मोटर सिटी मॅपिंग' मोहिमेत शहरातील पावणेचार लाखांहून अधिक जागांची छायाचित्रांसह नोंद झाली. माझ्या मते हेच या सेवेचे सर्वोत्तम काम.

उणीव खरेदीच्या टप्प्यावर जाणवे. लिलावाच्या दुसऱ्या फेरीत बोली ५०० डॉलरपासून सुरू होई, आणि नकाशा शेजाऱ्याला जितका उपयोगी, तितकाच दूरच्या सट्टेबाजालाही. दुरुस्तीचा खर्च त्यात दिसत नसे. राहण्यासाठी घर हवे असणाऱ्याने खरेदी डेट्रॉइट लँड बँकेकडून (शहरातील रिकामी घरे व भूखंड विकणाऱ्या सार्वजनिक संस्थेकडून) करणे अधिक योग्य. तेथे दुरुस्तीची अट असते आणि घरालगतचा रिकामा भूखंड शेजाऱ्याला १०० डॉलरांत मिळू शकतो.